हजार विड्यांमागचा हिशेब

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली



२०२०-२१च्या मंदीतून देश बाहेर आला, असं आकडेवारी सांगते आणि ते खोटं नाही. पण सोलापुरात आमच्या भवानी पेठेत विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान खराब निघालं, विड्या छाटात (नापास मालात) गेल्या, तर तोटा वळणारीचा. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, पान-तंबाखू मिळेना, तेव्हा या घरांत मंदी एका दिवसात शिरली. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडाच्या मिल बंद पडल्या तेव्हा कितीतरी संसार याच बायकांनी तारले होते. या वेळी त्यांचंच विड्या वळायचं सूप रिकामं.

अशा वेळेसाठी एक सोय होती. १९७६च्या कायद्यांनी विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. विडीवर उपकर लागायचा. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत. २०१७मध्ये जीएसटी आला, उपकर रद्द झाला, विडीवर मात्र २८ टक्के कर बसला. पैसा जमा होतच राहिला, त्यावरचा कामगाराचा हक्क तेवढा गेला. आता सगळं दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर.

धंद्याला मात्र सवलती मिळत गेल्या. २० सप्टेंबर २०१९ला गोव्यात आपण कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलंत. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर १८ आणि तेंदूपत्त्यावरचा ५ टक्के करायचं ठरवलं. धंद्याला दिलासा मिळाला, मिळावाच. पण विडीवरच्या करसवलतीतला काही भाग हजारी मजुरीत उतरलाच पाहिजे, अशी अट का घातली नाही?

माझी मागणी एकच. विडीवरच्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्यानेच कल्याण निधीत टाका आणि काम बंद पडेल त्या दिवसांचा भत्ता त्यातून द्या. विडी ओढणं कमी व्हावं, याला माझा विरोध नाही; तंबाखूची धूळ आधी वळणारीच्याच छातीत जाते. मग तिच्या मुलींना दुसरं काम शिकवायचा खर्चही याच निधीतून करा. (धंदा वाईट म्हणायचं आणि त्यातून बाहेर पडायला वाट ठेवायची नाही, हे काही धोरण नव्हे.)

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांनी १५ हजार घरं कामगारांच्या हाती दिली. फार चांगलं झालं. पण घर मिळालं तरी विडीवाल्या घरांत विजेचं बिल अजून हजारी मजुरीतूनच भरायचं आहे.

येत्या अर्थसंकल्पात विडी कामगार कल्याण निधीला किती रक्कम, आणि ती कायद्याने बांधलेली असेल का, एवढं कळवावं.

आपला,
भवानी पेठेतील एक रहिवासी, सोलापूर