कॅलिफोर्नियात पेट्रोलच्या छोट्या चेनसॉवर गदा. मग ओकचं जळण कापायला कोणती करवत घ्यायची?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याला, हिवाळ्यात लाकूड जाळून घर उबदार ठेवणारी बरीच कुटुंबं आहेत. आपल्याकडे बाभळीच्या जळणाला जो मान, तोच तिकडे ओकला. जड, कठीण आणि रात्रभर धग टिकवणारं लाकूड. ते कापायला चेनसॉ लागते, आणि 2024 पासून ती निवडताना कायद्याचाही विचार करावा लागतो.

नियम काय आहे?

9 ऑक्टोबर 2021 रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी 'एबी 1346' या विधेयकावर सही केली. त्यानंतर राज्याच्या 'एअर रिसोर्सेस बोर्डा'नं लहान इंजिनांचे नियम ठरवले. लॉनमोवर, लीफ ब्लोअर, छोट्या चेनसॉ यांसारखी यंत्रं 2024 च्या मॉडेलपासून धूर न सोडणारी हवीत. म्हणजे व्यवहारात बॅटरीची किंवा वायरची. घरात असलेली जुनी पेट्रोलची करवत वापरायला मात्र मनाई नाही.

कारण आहे टू-स्ट्रोक इंजिन. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं आणि इंधनाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. बोर्डाच्या हिशोबानुसार, व्यावसायिक लीफ ब्लोअर एक तास चालवल्यावर धुरकं वाढवणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं नवी कार सुमारे 1,100 मैल चालवल्यावर होतं.

खरी मेख 45 सीसीची

पण हा नियम सगळ्या चेनसॉना लागू नाही. शेती आणि बांधकामाच्या यंत्रांमधल्या 175 हॉर्सपॉवरपेक्षा लहान नव्या इंजिनांवर राज्यांना स्वतःचे नियम लावता येत नाहीत, असं अमेरिकेचा केंद्रीय 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' सांगतो. 45 सीसी आणि त्यापुढच्या चेनसॉ याच वर्गात मोडतात. त्यामुळे फांद्या छाटायची 30 सीसीची करवत नियमात अडकली आणि तिच्यापेक्षा जास्त पेट्रोल पिणारी मोठी करवत सुटली.

ओक कापणाऱ्याला नेमकी ही मोठीच लागते. फूट-दीड फूट जाडीच्या ओंडक्यासाठी साधारण 50 ते 60 सीसीचं इंजिन आणि 16 ते 20 इंचांचा बार सोयीचा. उदाहरणार्थ, श्टीलची 'एमएस 271' ही 50.2 सीसीची आहे आणि बार-चेन न धरता तिचं वजन 5.6 किलो भरतं. दिवसभर हातात धरायला हे वजन थोडं नाही. वर्षातून दोनदा लाकूड कापणाऱ्यानं केवळ पेट्रोलची मिळते म्हणून अशी करवत घेणं तसं महागातच पडतं.

बॅटरी पुरेल का?

ढोबळ हिशोब करून पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. अर्ध्या लिटरची टाकी भरली, तर साडेचार युनिट. इंजिन त्यातली साधारण पाचवा भागच चेनपर्यंत पोचवतं असं धरलं, तर हाती उरतं 0.9 युनिट. दुसरीकडे 56 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 0.28 युनिट. मोटरमध्ये कमी ऊर्जा वाया जाते हे धरलं तरी पेट्रोलच्या एका टाकीला तीन-चार बॅटऱ्या लागतात. घराजवळ, चार्जर हाताशी असताना हे जमतं. आवाज कमी, दोरी ओढायची कटकट नाही. रानात ट्रक उभा करून हिवाळ्याचं सगळं जळण एका दिवसात कापायचं असेल, तर नाही.

वीज हा आणखी एक प्रश्न. ऑक्टोबर 2019 मध्ये वणव्याच्या भीतीनं उत्तर कॅलिफोर्नियात लाखो लोकांची वीज मुद्दाम बंद ठेवली गेली होती. लाकडाच्या शेगडीची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच भासते आणि बॅटरी चार्ज होत नाही तीही तेव्हाच.

सीसी आणि व्होल्टच्या चर्चेत धार मात्र मागे पडते. वाळलेला ओक चेनचे दात लवकर बोथट करतो. बोथट चेन असली की 60 सीसीची करवतही भुसा नाही, नुसती पूड काढते आणि बॅटरी तर बघता बघता उतरते. म्हणून ओक ओला असतानाच कापून फोडतात आणि वर्ष-दोन वर्षं वाळवतात. शंभर-दोनशे डॉलर जादा मोजून मोठं मॉडेल घेण्याआधी योग्य मापाची गोल कानस आणि एक जादा चेन घेतलेली बरी. करवत पेट्रोलची असो वा बॅटरीची, टाकी भरताना किंवा बॅटरी बदलताना दोन मिनिटं दातांवर कानस फिरवायला लागतेच.