मेन्यूवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलंय, तरी सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला पिझ्झा खाताना धाकधूक का वाटते?

अमेरिकेत २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉटेलांत ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून मिळणारे पदार्थ खरंच ग्लूटेनमुक्त असतात का, हे तिथल्या ग्राहकांनीच तपासलं होतं. खिशात मावेल एवढं यंत्र, त्यात पदार्थाचा छोटा तुकडा टाकायचा आणि काही मिनिटं थांबायचं. दीड वर्षात अशा ५,६२४ चाचण्या झाल्या आणि त्यांचा हिशेब कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला. एकूण ३२ टक्के पदार्थांत ग्लूटेन सापडलं. पिझ्झाचा आकडा मात्र सगळ्यात वाईट होता. ‘ग्लूटेन-फ्री’ पिझ्झाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के नमुन्यांत ग्लूटेन निघालं.

या आकड्याला काही मर्यादा आहेत. शंका आली तिथेच लोक यंत्र बाहेर काढतात, त्यामुळे वाईट निकाल जास्त येण्याची शक्यता असते. शिवाय कायद्याने चालेल इतकं कमी ग्लूटेनही हे यंत्र कधी कधी पकडतं. तरीही हे प्रमाण बरंच मोठं आहे. डाएटची फॅशन म्हणून ग्लूटेन टाळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाचं तसं नसतं.

सिलिअ‍ॅक म्हणजे नेमकं काय?

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ठरावीक प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. मळलेली कणीक न तुटता ताणली जाते ती यामुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेलं की त्याची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते हळूहळू झिजून सपाट होतात. मग माणूस पोटभर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

काहींना जुलाब होतात, पोट फुगतं. पण अनेकांना पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच. गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, मुलांची खुंटलेली उंची, ठिसूळ होत चाललेली हाडं, सततचा थकवा अशा वेगळ्याच वाटांनी हा आजार समोर येतो. जगात साधारण शंभरातल्या एकाला तो असतो आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. यावर औषध नाही. ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद करणं हाच उपचार. गव्हाची अ‍ॅलर्जी ही याहून वेगळी गोष्ट आहे.

आणखी एक अडचण अशी, की हॉटेलात चुकून ग्लूटेन पोटात गेलं तर प्रत्येकाला लगेच त्रास होतोच असं नाही. एखाद्याला तासाभरात उलट्या सुरू होतात, दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, पण आतडं मात्र दोघांचंही बिघडत राहतं. ‘मागच्या वेळी इथेच खाल्लं होतं, काही झालं नाही’ या अनुभवावर म्हणूनच भरवसा ठेवता येत नाही.

थोडंसं चालत नाही का?

‘एक घास खाल्ला तर काय होतंय?’ हे वाक्य सिलिअ‍ॅकच्या प्रत्येक रुग्णाने लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं असतं. त्याचं उत्तर २००७ च्या एका इटालियन चाचणीत सापडतं. ग्लूटेन बंद केलेल्या प्रौढ रुग्णांच्या एका गटाला ९० दिवस रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन कॅप्सूलमधून देण्यात आलं. तेवढ्यानेही आतड्याचं नुकसान दिसलं.

५० मिलिग्रॅम म्हणजे किती? एक ग्रॅम मैद्यात ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी मैदा. परातीच्या काठाला याहून जास्त पीठ चिकटलेलं राहतं.

म्हणूनच ‘ग्लूटेन-फ्री’ या शब्दासाठी बहुतेक देशांनी एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. युरोप, अमेरिका आणि भारतातही हीच मर्यादा आहे. पाव किलोचा पिझ्झा बेस या मर्यादेत असेल तर त्यात फार तर ५ मिलिग्रॅम ग्लूटेन असेल, आणि बहुतेक रुग्णांना तेवढं सोसतं. पाकिटातून निघालेला बेस इथवर ठीक असतो. त्याचा पिझ्झा होईपर्यंत काय घडतं, गोम तिथे आहे.

मग पिझ्झातच एवढा घोळ का?

पिझ्झाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर सतत कोरडा मैदा भुरभुरला जातो. गोळा चिकटू नये म्हणून त्यात घोळवतात, हवेत फिरवतात, थापतात. बारीक पीठ हवेत तरंगतं आणि सगळ्यावर अलगद बसतं. त्यात उघड्या ठेवलेल्या चीजच्या आणि भाज्यांच्या डब्यांचाही नंबर लागतो. ‘ग्लूटेन-फ्री’ बेस कंपनीतून कितीही शुद्ध आला, तरी तो याच ओट्यावर उघडला जातो.

पुढचा प्रश्न हातांचा. मैद्याचा गोळा थापलेला हात पुसून लगेच चीजच्या डब्यात जातो. दिवसभरात असे पन्नास पिझ्झे झाल्यावर त्या डब्यातलं चीज ग्लूटेनमुक्त राहत नाही. सॉसचा डाव आधी मैद्याच्या बेसवर फिरवला जातो, मग परत भांड्यात बुडतो. भट्टीत पिझ्झा सरकवायच्या लांब दांड्याच्या फळीवर पीठ असतं, भट्टीच्या दगडी तळावरही असतं. शेवटी येतं ते गोल चाकाचं कटर. आधीचा पिझ्झा कापून त्याच्या चाकाला चिकटलेला चुरा पुढच्या पिझ्झात जातो.

भट्टीच्या आचेने ग्लूटेन जळून जातं, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ग्लूटेन हे जंतू नाहीत. ते मरत नाही आणि पाचशे अंशांच्या भट्टीत भाजलेला पावही सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी पावच राहतो.

थोडक्यात, ‘तुमच्याकडे ग्लूटेन-फ्री पिझ्झा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे ‘हो’ असंच येतं. वेटर खोटं बोलत नसतो, त्याला बेसविषयी विचारलं असं वाटतं. अनुभवी रुग्ण वेगळे प्रश्न विचारतात. बेस कुठे थापता, चीज वेगळ्या डब्यातलं असतं का, कटर कोणतं, करणारा हातमोजे बदलतो का. या प्रश्नांवर समोरचा गोंधळला, की ते मुकाट्याने सॅलडकडे वळतात.

कंपनीच म्हणते, ‘तुम्ही खाऊ नका’

मे २०१२ मध्ये डॉमिनोजने अमेरिकेत ‘ग्लूटेन-फ्री’ बेसचा पिझ्झा आणला तेव्हा हाच पेच जाहीरपणे समोर आला. बेस ग्लूटेनमुक्त होता, पण तो तयार व्हायचा त्याच स्वयंपाकघरात. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी हा पिझ्झा योग्य नाही, असं कंपनीने स्वतःच सांगितलं. सिलिअ‍ॅकवर काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने या पिझ्झाला सावधगिरीच्या पिवळ्या शेऱ्यासह मान्यता दिली होती. त्यावर रुग्णांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच संस्थेला तो शेरा स्थगित करावा लागला.

कंपनीने इशारा दिला हे चांगलंच झालं. पण ज्यांना ग्लूटेन वर्ज्य करण्यावाचून पर्याय नाही, त्यांनाच वगळून बाकी सगळ्यांसाठी ‘ग्लूटेन-फ्री’ पिझ्झा काढायचा, यात थोडा विनोदही आहे. कारण साधं आहे. आजार नसताना, हलकं वाटतं म्हणून ग्लूटेन टाळणारा ग्राहक संख्येने कितीतरी मोठा आहे आणि त्याला कटर वेगळं आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. या ग्राहकामुळे दुकानांत ग्लूटेनमुक्त पिठं, पास्ता, बिस्किटं आली आणि रुग्णांचाही त्यात फायदा झाला. पण त्याच ग्राहकामुळे स्वयंपाकघरातल्या माणसाला ‘ग्लूटेन-फ्री’ हे एक फॅड वाटू लागलं.

अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाचा २० मिलिग्रॅमचा नियम २०१३ मध्ये ठरला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. पण तो मुख्यतः पाकिटबंद पदार्थांसाठी आहे. हॉटेलच्या मेन्यूवरचा शब्द बराचसा हॉटेलवाल्याच्या सचोटीवर चालतो.

पिझ्झाच्या माहेरी काय चित्र आहे?

सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला निवांत पिझ्झा खाता येईल अशी जागा शोधायची, तर तो देश इटली निघतो. जिथे सकाळ-संध्याकाळ गहूच खाल्ला जातो, तिथे हे कसं काय?

गहू इतका सर्वत्र असल्यामुळेच तिथे हा आजार घराघरांत ठाऊक झाला. इटालियन सिलिअ‍ॅक असोसिएशन १९७९ पासून काम करते आहे. २००५ च्या कायद्याने सिलिअ‍ॅकला ‘सामाजिक आजार’ म्हणून मान्यता दिली. शाळा, रुग्णालयं आणि सरकारी कॅन्टीनमध्ये मागितल्यावर ग्लूटेनमुक्त जेवण देणं बंधनकारक झालं. हॉटेल व्यावसायिकांच्या प्रशिक्षणात या आजाराचा समावेश झाला. निदान झालेल्या रुग्णाला ग्लूटेनमुक्त पीठ, पास्ता, पाव अशा गोष्टींसाठी दरमहा सरकारी मदत मिळते. २०१८ च्या दरांनुसार प्रौढ पुरुषाला ११० आणि स्त्रीला ९० युरोपर्यंत.

असोसिएशनने घराबाहेर खाण्यासाठी हॉटेलांचं स्वतःचं जाळंही उभारलं. त्यात यायचं तर कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण घ्यायचं, भांडी आणि जागा वेगळी ठेवायची, नंतर होणारी पाहणीही मान्य करायची. अशी हजारो ठिकाणं देशभर आहेत आणि त्यांत पिझ्झेरिया भरपूर. सप्टेंबर २०२३ मध्ये इटलीने आणखी एक पाऊल टाकलं. १ ते १७ वर्षांच्या मुलांची सिलिअ‍ॅक आणि टाइप १ मधुमेहासाठी देशव्यापी तपासणी करण्याचा कायदा संसदेत मंजूर झाला. असा कायदा करणारा तो पहिला देश ठरला.

आणि चव? तिथेही इटालियन लोकांनी तडजोड कमी केली आहे. ग्लूटेन नसलं की पीठ फुगत नाही, कारण यीस्टने तयार होणारा वायू धरून ठेवायला जाळीच उरत नाही. बेस एकतर पुठ्ठ्यासारखा होतो किंवा भुगा. यावर दोन मुख्य उपाय निघाले. पहिला, गव्हाच्या स्टार्चमधून ग्लूटेन धुऊन काढायचं. नेपल्सच्या कापुतो कंपनीचं ‘फिओरेग्लूट’ हे पीठ याच प्रकारचं आहे. पाकिटावर ‘गहू’ वाचून रुग्ण दचकतात, पण ग्लूटेन मर्यादेत असल्यामुळे ते त्यांना चालतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र चालत नाही. दुसऱ्या उपायातला पदार्थ मराठी घरांतल्या औषधाच्या कपाटात असतोच. पाण्यात भिजून बुळबुळीत होणारा इसबगोल पिठाला ग्लूटेनसारखा चिकटपणा देतो. जगातल्या इसबगोलाचा मोठा हिस्सा भारतातून, त्यातही गुजरात-राजस्थानातून जातो. पोट साफ होण्यासाठी आपण घेतो तो भुसा तिकडे पिझ्झा फुगवायच्या कामी येतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

सिलिअ‍ॅक हा गोऱ्यांचा आजार आहे असं भारतात बराच काळ मानलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते खोडून काढलं. २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत हा आजार आढळला. तो होण्याची शक्यता वाढवणारी जनुकं तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. गव्हाचं प्रमाण मात्र फार वेगळं होतं. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५. भाकरीकडून चपातीकडे, चपातीकडून पाव-मैद्याकडे चाललेल्या महाराष्ट्राने हे आकडे लक्षात ठेवायला हवेत.

एक सूचना इथेच. शंका आली म्हणून आधी गहू बंद करून मग रक्ततपासणीला जाणारे बरेच असतात. गहू थांबवला की रक्तातल्या खुणा ओसरतात आणि चाचणी चुकीची ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. आधी डॉक्टर, मग चाचणी, मग पथ्य, हाच क्रम.

पाकिटबंद पदार्थांसाठी एफएसएसएआयची किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थातल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी असाही नियम आहे आणि त्यात ग्लूटेन असलेली धान्यं येतात. पण ही माहिती पदार्थात काय घातलं याची असते. चीजच्या डब्यात कोणाचा हात गेला हे त्यातून कळत नाही. त्यामुळे एखादा कॅफे ‘मिलेट पिझ्झा’ लिहितो तेव्हा त्यात नाचणीसोबत निम्मा मैदा आहे का, इथपासून चौकशी करावी लागते. ‘मिलेट’ आणि ‘ग्लूटेन-फ्री’ हे समानार्थी शब्द नाहीत.

घरी करायचं तर आपल्याकडे सामान कमी नाही. ज्वारी, नाचणी, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत मुळात ग्लूटेन नसतं. थालीपिठाच्या भाजणीत मात्र बहुधा गहू असतो. खरी अडचण येते पिठाच्या गिरणीत. आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो आणि ज्वारी त्यावरच पडते. पहिलं किलोभर पीठ तर हमखास मिसळीचं निघतं. ‘उपवासाचं आहे, गव्हावर टाकू नका’ असं गिरणीवाल्याला बजावायची पद्धत घराघरांत आहे आणि तो ते मुकाट ऐकतोही. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तेवढ्यानेही भागत नाही, कारण जात्याच्या खाचांत आणि पिशवीत गहू उरतोच. म्हणून ज्यांना परवडतं ते घरगुती चक्की घेतात आणि तिच्यात गहू कधीच टाकत नाहीत. बाकीचे प्रमाणित पाकिटाचे पैसे मोजतात, आणि महिन्याचा हिशेब केला तर ते साध्या पिठाच्या कितीतरी पट भरतात. इटलीसारखी दरमहा मदत इथे नाही.