हबशी मलिक अंबरच्या नगरातून आफ्रिकेला

भिंगारचा एखादा पोरगा परदेशी शिकायला निघाला की वस्तीत पेढे वाटले जातात. "लंडन की अमेरिका?" त्याने "आफ्रिका" म्हटलं की चेहरे पडतात. "तिकडं काय शिकायला जातात?" हे विचारणारे बऱ्याचदा आपलेच असतात, निळा झेंडा खांद्यावर घेणारे.

मित्रांनो, निदान भिंगारात तरी हा प्रश्न शोभत नाही. १४९० साली मलिक अहमदने याच भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं आणि पुढे तिथेच अहमदनगर वसवलं. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तरी निजामशाही बुडाली नाही. ती १६२६ पर्यंत, मरेपर्यंत, सावरून धरली मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हबशी! तोच 'हबशी' शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. जन्मावरून माणूस हलका ठरवणारा मनुवादी असेल, तर रंगावरून हलका ठरवणारा कोण?

जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली तीही ब्लॅक पँथरकडे पाहून. पण काळ्या माणसांशी आपलं नातं अमेरिकेतच अडकून पडलं. खुद्द आफ्रिका राहूनच गेली.

वर्णद्वेषी राजवट उलथवून १९९६ चं संविधान लिहिणारा देश जमिनीचा प्रश्न कसा सोडवतो, कुठे फसतो, हे भूमिहीनांच्या मुलांनी शिकायचं नाही तर कोणी? २०१५ मध्ये केपटाउनच्या विद्यार्थ्यांनी ऱ्होड्सचा पुतळा हटवायला लावला. २०१८ मध्ये घानाच्या लेगॉन विद्यापीठातून गांधींचा पुतळा हटला, कारण काळ्या लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलं होतं ते तिथल्या प्राध्यापकांनी वाचलं होतं. अशा ठिकाणी जातीबद्दल बोलायला आपला माणूस हवा की नको?

पण वाट अडवली आहे ती नियमांनी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळते क्यूएस क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांसाठी. त्यात आफ्रिकेतलं केपटाउन सोडलं तर जवळपास काहीच नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज पहिल्या ५०० ची अट घालते. युगांडाचं मकेरेरे, लेगॉन, दार-ए-सलाम तिथेही बसत नाहीत. वर २०२२ पासून भारतीय समाज, संस्कृती, इतिहास हे विषयच त्या योजनेतून वगळले. म्हणजे शिका, पण जातीवर नको, आणि गोऱ्यांनी मान्य केलेल्या ठिकाणीच शिका!

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियात गेले. तिथे त्यांनी जातीवर निबंध वाचला. आज या नियमांत त्यांचा तो विषय बसला असता का? म्हणून दोन मागण्या लावून धरा: विषयबंदी उठवा, आणि आफ्रिकेतल्या नामांकित विद्यापीठांसाठी क्रमवारीची अट शिथिल करा.

आणि निघालेल्या भावा-बहिणींनो, पिवळ्या तापाची लस, व्हिसा, कागदपत्रं हे सगळं कराच. पण एक गोष्ट इथेच टाकून जा: रंगाची किळस. तिकडे 'इंडियन' म्हणून वेगळी वाडी करून राहू नका. वेशीबाहेरची वाडी काय असते, ते आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

जय भीम!