वृद्धांच्या विस्मृतीविषयी सुरतनिवासी मराठी कुटुंबांस आवाहन



उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून खानदेशातील जी असंख्य कुटुंबे यंत्रमागाच्या खात्यांत रोजगार मिळावा म्हणून येऊन राहिली, त्यांतील पहिली पिढी आता सत्तरीच्या पलीकडे गेली आहे. आणि ज्यांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या करून मुलाबाळांचे संसार उभे केले, त्यांच्यापैकीच काहींना आज दुपारचे जेवण झाले की नाही, आपले दार कोणते, समोर उभी असलेली मुलगी नात आहे की बहीण, हे उमजेनासे झाले आहे. घरचे लोक हा वयाचा धर्म समजतात, शेजारी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेतात, आणि कोणी भगताकडून अंगारा आणतो. वास्तविक हा मेंदूचा विकार असतो, त्याची तपासणी याच शहरात होऊ शकते, आणि त्या कामी डॉक्टरांस जी एक मदत हटकून लागते ती आपल्याच समाजातील माणसे देऊ शकतात. ती मदत भाषेची आहे, व प्रस्तुत आवाहन मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

ज्यांच्या नावाने हा रोग ओळखला जातो ते आलोइस अल्झायमर हे जर्मन वैद्य. १९०१ साली फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक स्त्री त्यांच्या देखरेखीखाली आली, जिला स्वतःचे नाव लिहावयास घेतले तरी ते पुरे करणे जमत नसे. १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करताना त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता आढळला. रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ही बाई अवघी ५१ वर्षांची होती; म्हणजे हा निव्वळ म्हातारपणाचा परिणाम नव्हे, ही गोष्ट या रोगाच्या पहिल्याच नोंदीत दप्तरी लागली आहे. वयाबरोबर धोका वाढतो हे मात्र खरे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीवरील भारतीयांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर हेच होय.

अंगाऱ्याविषयी एवढेच सांगावयाचे की, या शहराशी असलेले आपले नाते सांगताना आपण शिवाजी महाराजांची स्वारी आणि १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात भिरकावला गेलेला जोडा यांवर थांबतो. परंतु मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने १८४४ मध्ये येथेच मानवधर्म सभा स्थापिली, आणि मंत्रतंत्राने चमत्कार करू म्हणणाऱ्यांस त्या सभेने जाहीर आव्हान दिले, ही अधिक अभिमानाची हकीकत आपल्या तोंडी क्वचितच येते. त्या सभेच्या शहरात आजारी वृद्धेला धुपाऱ्यापुढे बसवणे आपल्याला शोभत नाही.

प्रत्येक विसराळूपणा अल्झायमरचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष, खोल औदासीन्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांनीही माणूस भ्रमिष्ट दिसू लागतो, आणि यांतील बहुतेक गोष्टींवर इलाज आहे. म्हणून महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात किंवा नव्या सिव्हिलमध्ये जाऊन खातरजमा करून घेण्याची तसदी अवश्य घ्यावी. निदान अल्झायमरचे ठरले तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलंटामिन ही औषधे, व रोग पुढे गेल्यावर मेमँटिन, काही रुग्णांस काही काळ आधार देतात. रोग मुळापासून कोणी घालवीत नाही, आणि तसे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे. अलीकडे परदेशांत लेकानेमाब व डोनानेमाब ही शिरेतून द्यावयाची औषधे निघाली आहेत; ती आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी, ऱ्हासाचा वेग थोडा कमी करणारी, अतिशय महाग, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याच्या भीतीने वारंवार तपासणी मागणारी आहेत. रुग्ण रात्री ओरडतो म्हणून दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देणे मात्र सर्वथा घातक.

आता मुख्य मुद्दा. या रोगात नवे आधी निसटते आणि जुने मागे राहते. भाषेच्या बाबतीतही पुष्कळदा तसेच घडते. चाळीस वर्षे शेठजींशी गुजरातीत आणि मुकादमाशी हिंदीत बोललेला गृहस्थ एके दिवशी केवळ लहानपणीच्या अहिराणीवर येतो, आणि गुजराती वा इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्याच्या नातवाला आजोबा काय मागतात हे समजत नाही. असा मनुष्य डॉक्टरपुढे बसला, त्याला गुजरातीत वार, महिना विचारला, शंभरातून सात वजा करावयास सांगितले, आणि तो गप्प राहिला, तर दोष स्मृतीचा, भाषेचा की कधी शाळेचे तोंडच न पाहिल्याचा, याचा निवाडा कसा व्हावा? हैदराबाद येथे ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागल्याचे आढळले, आणि निरक्षरांतही असा फरक दिसला. म्हणजे पोटासाठी शिकलेल्या त्या परक्या भाषांनी आपल्या वडिलांचे काही रक्षणच केले असावे. आता त्यांच्या पहिल्या भाषेची जबाबदारी आपल्यावर आहे. महापालिकेच्या मराठी शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक आणि अहिराणी उत्तम बोलणारी मंडळी यांनी रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांस रीतसर अर्ज करून, परवानगी मिळताच ठरावीक दिवशी बाह्यरुग्ण विभागात दुभाषी म्हणून बसावे, अशी विनंती आहे. घरातही कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, जे जे रुग्णाला लहानपणापासून पाठ आहे ते त्याच्याबरोबर म्हणावे. बोलणे तुटल्यावरही गाणे बराच काळ सोबत करते.

खात्यात आज काम करणाऱ्या तरुणांना एक सूचना. उतारवयातील स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणे तज्ज्ञ सांगतात, त्यांत बहिरेपणाचे स्थान वरचे आहे, आणि मागांच्या खडखडाटात वर्षे काढणाऱ्याचे कान शाबूत राहणे कठीण. कानात बोळे घालणाऱ्याची चेष्टा होते हे ठाऊक आहे. ती होऊ द्यावी. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांचाही हिशेब वेळीच घ्यावा.

‘मला घरी जायचंय’ असे म्हणत हे वृद्ध बाहेर पडतात, आणि त्यांचे घर म्हणजे अमळनेर, नंदुरबार किंवा शिरपूरकडचे एखादे खेडे असल्यामुळे भुसावळकडील गाडीच्या ओढीने उधना स्थानकाची वाट धरतात. म्हणून रुग्णाच्या खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक गुजराती आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहून ठेवावा. रिक्षाचालक व टपरीवाले बांधवांनी असा भांबावलेला मनुष्य दिसल्यास त्याला बसवून पाणी द्यावे आणि घरी किंवा पोलिसांस कळवावे. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा सरकारी क्रमांकही लक्षात असावा. गणेशोत्सवात मंडळांनी एक रात्र सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट दाखवावा; त्यात मोहन आगाशे यांनी उभा केलेला विद्वान वृद्ध हत्तीमागे निघून जातो, ते पाहिल्यावर शेजाऱ्यांस फार समजावून सांगावे लागणार नाही.

कागदपत्रांची तजवीज आधीच करावी. मृत्युपत्र, बँकेतील वारसनोंद, सह्या, हे सर्व मनुष्य शुद्धीवर असताना व्हावयास हवे. करून देणाऱ्याचे चित्त भ्रमिष्ट झाल्यावर साधे मुखत्यारपत्र कायद्याने चालत नाही. आणखी एक गोष्ट: भेटीस येणाऱ्यांनी ‘ओळखा बरं मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नये. आल्याबरोबर स्वतःचे नाव व गाव सांगावे.

शेवटची मागणी घरातील सुनेसाठी आहे, कारण रात्रंदिवस चालणारे हे काम बहुधा तिच्याच वाट्यास येते. प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने अशा घरांची यादी करून आठवड्यातून एक दुपार कोणीतरी रुग्णाजवळ बसेल अशी पाळी लावावी, आणि ही यादी श्रावणापूर्वी तयार ठेवावी. श्रावणातील कानबाईच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरते, गर्दीने रुग्ण अधिक बिथरतो, आणि त्या वेळी त्या बाईचा एकही हात मोकळा नसतो.