'होय साहेब' म्हणजे संमती का?

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या रस्त्यावर गेलात, तर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतीलच. तुमच्या गल्लीतही एखादं असेल. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच सैनिक आहे, सैनिक टाकळी. माझी एक मैत्रीणही पळते. तिला मिलिटरी पोलिसात जायचंय. परवा मी तिला विचारलं, "उद्या एखाद्या जवानाला ताब्यात घ्यायची वेळ आली, तर तुला काय करता येतं आणि काय नाही, माहितीय?" ती म्हणाली, "अगं, आधी ग्राउंड तर निघू दे!"

खरंय तिचं. पण प्रश्न तिथंच सोडण्यासारखा नाही. लष्करात जवान म्हणून मुलींना दार उघडलं ते याच मिलिटरी पोलीस कोअरमध्ये. 8 मे 2021 रोजी बेंगळुरूत 83 महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. शिस्त मोडणाऱ्याला पकडणारे हात आता आपल्या पोरींचेही आहेत.

आता थोडं दवाखान्यात जाऊया. ऑपरेशनआधी डॉक्टर काय होणार ते समजावतात आणि मग सही घेतात. यामागे जैवनीतीची चार तत्त्वं आहेत. 1979 साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी ती मांडली: माणसाच्या निर्णयाचा मान राखा, अपाय करू नका, त्याचं भलं बघा आणि न्यायानं वागा. लष्करी कारवाईशी यांचा काय संबंध? दोन्हीकडं एका माणसाच्या हातात सगळी सत्ता असते आणि दुसरा जवळपास हतबल असतो. म्हणून हीच चार तत्त्वं तिथं लावून बघू.

पहिलं, निर्णयाचा मान. समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. तो लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल, तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. अशा साहेबांसमोर जवान 'गुन्हा कबूल' म्हणतो तेव्हा ती संमती की सवय? लष्कर नियम 115 सांगतो, की आरोप काय आणि कबुलीचा परिणाम काय, हे आधी समजावून सांगितलंच पाहिजे. दवाखान्यातल्या फॉर्मसारखंच की! पण वाचून दाखवणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, अपाय नको. लष्कर कायदा 1950 चं कलम 107 स्पष्ट आहे. प्रोव्होस्ट मार्शल आणि त्याच्या अधिकाराखाली काम करणारे लोक अटक करू शकतात, कोर्ट मार्शलने दिलेली शिक्षा अमलात आणू शकतात, पण स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊ शकत नाहीत. एक थप्पडसुद्धा नाही.

तिसरं, भलं बघणं. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण आठवतात? 29 सप्टेंबर 2016 ला ते नियंत्रण रेषेपलीकडं गेले आणि 21 जानेवारी 2017 ला परतले. त्याच वर्षी कोर्ट मार्शलने छावणी सोडल्याबद्दल त्यांना दोषी धरून सुमारे तीन महिन्यांची कैद सुनावली. शस्त्रासह पोस्ट सोडणं गंभीरच, चौकशी व्हायलाच हवी. पण जवळजवळ चार महिने शत्रूच्या ताब्यात राहिलेला माणूस परततो, तेव्हा तो आरोपी असतो आणि रुग्णही. अशा कुणालाही 'सोडून द्या' असं जैवनीती म्हणत नाही. ती क्रम सांगते: आधी उपचार, मग जबाब.

चौथं, न्याय. रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. तुरुंगवासात असताना दिलेला हुकूम मोडून जेवण नाकारलं म्हणून 1985 मध्ये त्याला बडतर्फी आणि एक वर्षाची कैद झाली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच साहेब न्याय करायला बसले होते! 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एक तर निवाडा निःपक्ष नव्हता आणि दुसरं, शिक्षा चुकीच्या मानाने फारच मोठी होती.

तुम्ही म्हणाल, सीमेवर गोळ्या सुटत असताना कुठली जैवनीती? मुद्दा रास्त आहे. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम 33 ने जवानांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिलाय. हुकूम ऐकायलाच हवा. पण चौकशी बहुतेकदा छावणीत, टेबलाशी बसून होते. तिथं डॉक्टरला बोलवायला, आरोप मराठीत समजवायला, तक्रार असलेल्या साहेबांना बाजूला बसवायला वेळ असतो. 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. पण तिथला दरवाजा गाठेपर्यंत नोकरी आणि घर दोन्ही विस्कटलेलं असतं. आणि ज्या जवानाला वाटतं की आपलं ऐकून घेतलं जाईल, तो शिस्त मनापासून पाळतो.

तेव्हा भरतीच्या तयारीत जीकेच्या पुस्तकाशेजारी लष्कर कायद्याची चार पानंही ठेवा. मी मैत्रिणीला कलम 107 व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "हे परीक्षेला येतं का?"

यायला हवं.