देवाचा प्रश्न शिल्लक ठेवून

१९४१ साली आंध्रातल्या एका कार्यकर्त्याने महात्मा गांधींना पत्र लिहून भेटीची वेळ मागितली. गोपराजू रामचंद्र राव हे त्यांचे नाव. लोक त्यांना गोरा म्हणत. वनस्पतिशास्त्राचे हे प्राध्यापक देव न मानण्यापायी नोकरीला मुकले होते. पत्नी सरस्वती यांच्यासह कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी ते अस्पृश्यतेविरुद्ध काम करत होते आणि वर्षभरापूर्वी तिथेच त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केले होते. गांधींनी भेट नाकारली. नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे, तिच्या प्रचारात आजवर कोणाला यश आलेले नाही, तुम्हाला जे यश मिळाले ते लोकांमधल्या प्रामाणिक कामामुळे, आणि चर्चेला मला सवड नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, हेच गोरा सेवाग्रामला गांधींसमोर बसले होते. त्यानंतर हा संवाद गांधींच्या हत्येपर्यंत चालू राहिला. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नाही. देवावरच्या विश्वासाने माणूस नशिबावर हवाला ठेवतो आणि अन्याय निमूट सोसतो, हे गोरा गांधींना तोंडावर सांगत राहिले. गांधी प्रार्थना करत राहिले. पण माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्य शोधणारे, इथपर्यंत ते येऊन पोहोचले. १९४१ च्या पत्रातल्या माणसाने असे म्हणावे, हे अंतर लहान नव्हे.

देव मानणारे आणि न मानणारे यांनी एकत्र कसे राहावे, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले, विषयच काढू नका. दुसरे, शेवटी सगळे एकच. पहिल्या उत्तराने घरात शांतता राहते, पण ती गप्प बसणाऱ्याच्या खर्चाने, आणि गप्प बसावे लागते ते बहुधा संख्येने थोड्या असणाऱ्याला. दुसरे उत्तर तर सरळ खोटे आहे. देव आहे असे मानणे आणि नाही असे मानणे, ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. नास्तिकाला ‘तूही तुझ्या परीने आस्तिकच’ असे सांगणे म्हणजे त्याने विचार करून ठरवलेली गोष्ट प्रेमाने पुसून टाकणे आहे. गोरा आणि गांधी यांनी या दोन्ही वाटा टाळल्या. ते विषय काढत राहिले आणि मतभेद आहे हे मान्य करत राहिले. तरीही ते एकत्र काम करू शकले, कारण कोणत्या प्रश्नाचे उत्तर दोघांना एकच हवे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर वेगळे राहिले तरी चालेल, हे त्यांनी वेगळे केले. देव आहे का, हा प्रश्न शिल्लक ठेवून जगता येते. शेजारच्या माणसाला विहिरीवर पाणी भरू द्यायचे का, हा शिल्लक ठेवता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही विभागणी जिथे नीट झाली तिथे सहजीवन टिकले, आणि जिथे झाली नाही तिथे नुसत्या सौजन्याने ते टिकले नाही.

गोरांच्या थोरल्या मुलीचे लग्न हा याचा चांगला पुरावा आहे. तिने दलित तरुणाशी लग्न करावे असे ठरले. गांधींनी आनंदाने संमती दिली, वराने काही काळ सेवाग्रामच्या आश्रमात राहावे असे सुचवले, आणि लग्न आश्रमातच लावण्याचे कबूल केले. अडचण विधीची होती. आश्रमात लग्न लागे ते ईश्वराला साक्षी ठेवून, आणि हे घर ईश्वर न मानणारे. नास्तिकांनी एक दिवस ईश्वराचे नाव घेतले तर काय बिघडते, असे गांधी म्हणू शकले असते. आपल्याकडचे वडीलधारे असेच म्हणतात. त्यांनी तसे न म्हणता ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घालण्याची तयारी दाखवली. हा दिवस पाहायला ते राहिले नाहीत. पण मार्च १९४८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर सहा-सात आठवड्यांनी, सेवाग्राममध्ये ते लग्न सत्याला साक्षी ठेवून लागले. जातीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तडजोड झाली नाही, म्हणूनच विधीतल्या शब्दाबाबत आस्तिकाला मोकळेपणाने मागे सरता आले. पुढे गोरांचे चिरंजीव लवणम हे विनोबांच्या भूदान पदयात्रेत त्यांच्या भाषणांचे तेलुगूत भाषांतर करत चालले. गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांचा शब्द एका नास्तिकाच्या तोंडून गावकऱ्यांपर्यंत पोहोचत होता आणि त्यात दोघांनाही काही विचित्र वाटले नाही.

लग्नातली ही शब्दांची अदलाबदल क्षुल्लक वाटेल त्याने चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा इतिहास आठवावा. १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेल्या या नास्तिकाने देवाची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी अशी मागणी केली. एवढ्यावरून त्यांना सभागृहातल्या जागेसाठी सहा वर्षे झगडावे लागले; मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये ते एकदाचे आत बसले आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा त्यांनी करवून घेतला. भारताच्या बाजूने सतत बोलणारे हे खासदार १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आले होते. १८९१ च्या जानेवारीत ते वारले तेव्हा लंडनमधले भारतीय त्यांच्या अंत्यविधीला लोटले. त्यांत विद्यार्थिदशेतले गांधीही होते. परतताना स्टेशनवर घडलेला प्रसंग गांधींनी आत्मचरित्रात नोंदवला आहे. गर्दीतल्या एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले आणि पृथ्वीचा घेर अमुक मैल, तर तुमचा देव केवढा नि राहतो कुठे, असे सर्वांसमोर विचारून त्याला निरुत्तर केले. पाद्री नम्रपणे गप्प बसला. गांधी लिहितात की या संभाषणाने नास्तिकतेबद्दलचे आपले प्रतिकूल मत आणखी वाढले. वाद जिंकणाऱ्याला हे कधी कळलेही नसेल की ऐकणाऱ्यांतल्या एका तरुणाला त्याने दूर लोटले. तो तरुण गोरांशी मोकळेपणाने बोलायला बसेपर्यंत पुढे अर्धशतक गेले. ‘शिकूनसवरून पूजा कसली करतोस’ असे विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. आणि ‘संकट आले की तूही देवाचे नाव घेशील’ असे सांगणाऱ्यानेही, कारण दोन्ही वाक्ये समोरच्याच्या विचाराला उत्तर देत नाहीत, त्याची लायकी काढतात.

ब्रॅडलॉ यांना ज्यासाठी आठ वर्षे लढावे लागले, ते आपल्या राज्यघटनेने पहिल्या दिवसापासून दिले. मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करू शकतो, आणि दोघांचा अधिकार तोच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी घटनेची प्रस्तावना ईश्वराच्या नावाने सुरू व्हावी अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू आणि पट्टम थाणू पिल्लै यांनी विरोध केला: हा श्रद्धेच्या बाबतीत सक्तीचा प्रकार होईल. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर ईश्वराला मतदानाच्या पारड्यात घालू नका, अशी विनवणी केली. तरी मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. ते सभागृह नास्तिकांनी भरलेले नव्हते. ज्या देशात २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींपैकी जेमतेम ३३ हजार लोकांनी नास्तिक अशी नोंद केली, त्या देशात हा निर्णय आस्तिकांनी दिला. बहुसंख्याकांनी आपला देव सर्वांच्या वतीने लिहून टाकायचा मोह आवरला.

आता कट्टर विवेकवाद्याचा आक्षेप. श्रद्धाच जर शोषणाचे मूळ असेल, तर तिच्याशी जुळवून घेणे म्हणजे मुळाला पाणी घालणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर मला महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात दिसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी सुमारे १८ वर्षे झटले. ते स्वतः देव मानत नव्हते. पण त्यांनी उभारलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती आस्तिकांनाही सदस्य म्हणून घेत आली आणि आमचा विरोध शोषणाला आहे हे सांगत आली. मसुद्याला वारकरी संघटनांनी हरकत घेतली: उद्या वारी, कीर्तन, हरिपाठही गुन्हा ठरेल. ही भीती हसण्यावारी न्यायची नव्हती. मसुदा पुन्हा पुन्हा बदलला, आणि २०१३ मध्ये झालेल्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिले गेले. देव आहे की नाही यावर हा कायदा अवाक्षर काढत नाही. तो नरबळी रोखतो, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण रोखतो, चमत्काराचा दावा करून केलेली फसवणूक रोखतो, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. मुळावर घाव घालायचाच असा हट्ट धरला असता तर कायदाही झाला नसता आणि विंचू चावलेले पोर मांत्रिकाच्या अंगणातच राहिले असते. शिवाय जुळवून घेणे म्हणजे टीका सोडणे नव्हे. श्रद्धेने नुकसान होते हे सिद्ध करायचे असेल तर ते घटना दाखवून, एकेक करून सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी भाविकाने ऐकायला बसलेले असावे लागते.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप दोन. देवाचे भय नाही त्याला नीतीचे बंधन कसले, हा पहिला. गोपाळ गणेश आगरकरांच्या महाराष्ट्रात हा आक्षेप अजून ऐकू यावा, याचे दुःख वाटते. ईश्वराचा आधार न घेता नीतीचा विचार मांडणाऱ्या या माणसाने चैनीची नोकरी नाकारून शिक्षणाला वाहून घेतले, ‘सुधारक’ हे साप्ताहिक चालवले, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली, आणि ३९ वे वर्ष पुरे होण्याआधी दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये ते गेले. त्यांच्या नीतीला कशाची भीती होती? दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. भावना खरोखर दुखावतात, हे मी मान्य करतो. पण न दुखावण्याची हमी मागितली तर तुकोबांनाही बोलता आले नसते. भोंदू साधूंवर त्यांच्याइतके कठोर कोण बोलले? हेटाळणी टाळावी हा संस्कार आहे, टीका थांबवावी ही सक्ती आहे, आणि सक्तीचा शेवट कुठे होतो हे पुण्याने २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पाहिले. दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती २०२४ मध्ये. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखाच संयम राखावा, हा सल्ला मला अपुरा वाटतो. जो संख्येने जास्त, ज्याचे सण सार्वजनिक, ज्याच्या तसबिरी सरकारी कचेरीतही लागतात, त्याच्यावर जबाबदारी जास्त आहे.

खरी कसोटी मात्र घरात लागते. महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये एका कुटुंबाची कल्पना मांडली: आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात, कोणी कोणाच्या धर्माचा हेवा करत नाही. १८९१ मध्ये, फुल्यांच्या निधनानंतर, हे पुस्तक छापले गेले. निर्मिकाला, म्हणजे जगाच्या निर्मात्याला, मानणाऱ्या जोतीरावांनी या घरात नास्तिकाचा उल्लेख केला नाही. ती भर घालणे आपले काम आहे, आणि आज शेकडो मराठी घरांत तो बसलेला आहेच. गणपतीत आरतीला तो उभा राहत असेल तर टाळ्या का वाजवत नाहीस हे विचारू नये. हजर राहणे हे माणसांसाठी असते, हात जोडणे हे देवासाठी, आणि दुसरे मागून घेता येत नाही. सत्यनारायणाला जोडीने बसायला नकार देणारी सून सासूचा अपमान करत नसते. तशीच नास्तिक मुलानेही आईच्या देवघरावर रोज शेरा मारायची गरज नाही.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो मरणानंतर, कारण तेव्हा ज्याचे मत असते तो बोलायला नसतो. आयुष्यभर देव न मानलेल्या, देहदानाचा अर्ज भरून ठेवलेल्या माणसाचे दहावे-तेरावे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून उरकले जाते. नातेवाइकांच्या सहकार्यावाचून देहदान पार पडत नाही, त्यामुळे तो अर्ज कपाटातच राहतो. उलट, श्रद्धाळू आईची अस्थी नाशिकला नेण्याची इच्छा तिच्या विवेकवादी मुलाला ढोंग वाटते आणि तो ती टाळतो. त्याने मंत्र म्हणावेत असे मी म्हणत नाही. भावाला किंवा बहिणीला पुढे करावे, प्रवासाचा खर्च द्यावा, सोबत जावे. इच्छा तिची आहे, मत त्याचे आहे. वाचकांना माझी विनंती आहे की घरातल्या प्रत्येकाला, देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला, आपल्यामागे काय करावे आणि काय करू नये हे धडधाकट असतानाच विचारून घ्या, लिहून ठेवा, आणि वेळ आली की नातेवाइकांच्या दबावाला न जुमानता ते तसेच पाळा.