आमची माहिती, तुमची पदवी

तुमच्या घरी चकलीच्या भाजणीचा वास सुटतो, त्याच सुमारास आमच्या चकलांब्यात भांडी पोत्यात भरली जातात. गावाचे नाव चकलांबा असले तरी चकलीशी आमचे नाते बेताचेच. तालुका गेवराई, जिल्हा बीड. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर गल्लीत उभा राहतो. उचल घेतलेली जोडपी तवा, पाटा, कोयते आणि धाकटी पोरे घेऊन वर चढतात, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावात म्हातारी माणसे, कुलपे आणि माझ्यासारखे पेन्शनीत निघालेले मास्तर एवढेच उरतात.

पण आज मला ऊसतोडीचे गाऱ्हाणे गायचे नाही. माझे भांडण आहे ते विद्यापीठांशी.

काही वर्षांपूर्वी ऐन मार्गशीर्षात गावात एका विद्यापीठाची मोटार आली. कोणत्या, ते सांगत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीची सुटल्यासारखी होतात. दोन मुली, एक मुलगा. पोरे गुणी होती, माझ्याकडे चहा प्यायली. विषय भारदस्त होता : बदलते हवामान, शहरी जीवन आणि सामाजिक न्याय. मी त्यांना घेऊन शेजारच्या म्हातारीकडे गेलो. मुलीने विचारले, "आजी, घरात माणसं किती?"

म्हातारी म्हणाली, "आत्ता, का आखाडात?"

कागदावर चौकट एकच होती. मुलगी क्षणभर थांबली आणि तिने 'एक' लिहिले. अशा रीतीने आठ माणसांचे घर एका माणसाचे झाले. उरलेली सात कुठे गेली? ती शहराच्या पाहणीत नाहीत, कारण उसाचा फड म्हणजे शहर नव्हे. खेड्याच्या पाहणीत नाहीत, कारण त्या दिवशी ती घरी नव्हती. उठताना म्हातारीने विचारले, "ह्याचं पुढं काय होतंय, ते आमाला कळवताल का?" मुलगी म्हणाली, "हो आजी, नक्की."

पुढे माझ्या पुतण्याने पुण्यात कुठल्याशा नियतकालिकातून तो लेख शोधून काढला. इंग्रजीत होता. चकलांब्याचे नाव 'गाव क्रमांक तीन' झाले होते. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे हा नियम मला मान्य आहे. मुकादमाविरुद्ध बोललेल्या बाईचे नाव छापून तिचे कल्याण होणार नाही. पण निष्कर्षही आमच्यापासूनच गुप्त राहावा, हा कोणता नियम?

माझी तक्रार अशी आहे की विद्वान मंडळी आमचे तीन तुकडे करतात. पाऊस फसला की आम्ही पर्यावरणवाल्यांचे. पुण्याच्या मजूर अड्ड्यावर उभे राहिलो की नागरी अभ्यासवाल्यांचे. बाईच्या पोटावर टाके दिसले की सामाजिक न्यायवाल्यांचे. बाई मात्र एकच असते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले; २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यातली उभी पिके पाण्याने नेली. ज्याच्या रानात प्यायला पाणी नाही, तो सगळ्यांत जास्त पाणी पिणारे पीक तोडायला परमुलखात जातो! आणि फडात खाडा पडला तर दंड, म्हणून पाळीची कटकटच नको असे बाईच्या डोक्यात भरवले जाते. २०१९ साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आता सांगा, ही संख्या कोणत्या विभागाची? हवामानाची, शहराची की न्यायाची?

हे धागे एकत्र पाहणारे कोणी नव्हतेच असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर ग्रंथ लिहिला. शहरातली गरिबी ही खेड्यातल्या गरिबीचेच उतू गेलेले पाणी आहे, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून पुस्तक छापले. ते खेडे आज पिंपरी-चिंचवडच्या पोटात आहे. तिथे मजल्यांवर मजले चढले, आणि त्या भागात मराठवाड्यातली किती माणसे विटा-सिमेंट वाहतात हे कोणत्याही सकाळी नाक्यावर जाऊन पाहावे. पण ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत. ज्यांच्याविषयी ती लिहिली, त्यांच्या घरी ती पोचली नाहीत.

यावर प्राध्यापक मंडळींचे उत्तर मला पाठ आहे. संशोधन जगासाठी असते, जगाची भाषा इंग्रजी, आणि बढतीही त्याच लेखांवर. बढतीचे कारण मला पटते. तेवढेच प्रामाणिक आहे. बाकीच्या उत्तराला मी इरावती कर्वे यांचे नाव पुढे करतो. बाईंनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी इंग्रजीत लिहिली, जगाने ती वाचली. पण 'परिपूर्ती' आणि 'भोवरा' यांतून त्याच बाई मराठी माणसाशी घरातल्यासारख्या बोलल्या. त्यांची विद्वत्ता त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. मग आजच्याच विद्वत्तेला मराठीची सर्दी का होते?

आणि पैसा कोणाचा? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच सवाल टाकला होता : वसूल रयतेच्या घामाचा, आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात. आज आमची पोरेही विद्यापीठात जातात, ही मोठी गोष्ट आहे. त्या मोटारीतली एक मुलगी ऊसतोड्याचीच लेक होती, तिनेच मला सांगितले. 'घरात माणसं किती' या प्रश्नातली चूक तिला कळत नव्हती असे थोडेच? पण कागद वरून आला होता, आणि वरच्या कागदावर खाडाखोड करायची तिला सोय नव्हती.

माझी मागणी फार नाही. यायचे तर आषाढात या, माणसे घरी असतात. प्रश्न छापण्याआधी आम्हाला दाखवा. निम्मे प्रश्न आम्हीच सुचवू. आणि प्रबंध झाला की त्याची पंधरा-वीस पाने मराठीत करून ग्रामसभेत वाचा. चुकले तर लोक तोंडावर सांगतील. परीक्षकापेक्षा ही परीक्षा कठीण आहे हे मला ठाऊक आहे, पण ती दिल्याशिवाय पदवी देऊ नये, असे विद्यापीठांनी आपल्या नियमांतच घालावे.

गेल्या वर्षी मुलगा-सून ट्रॅक्टरवर चढून गेल्यावर म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "मास्तर, त्या पोरींचा काय सांगावा?"

"आलाय, पण इंग्रजीत आहे."

"मग वाचा की."

मी चष्मा लावला, शब्दकोश शेजारी घेतला आणि एकेक ओळ मराठीत करून सांगू लागलो. गाव क्रमांक तीन. घरागणिक सरासरी माणसे दोन. बहुतेक वयस्कर. स्थलांतराचे प्रमाण पाहणीत आढळले नाही.

म्हातारीने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "कोणचं गाव म्हणायचं हे?"